देवदत्तसाठी एकशे बारा पाककृती

"पथ्य नीट सांभाळलंत तर डायलिसिस सहा-आठ वर्षं लांबवता येईल," अंबरनाथ पूर्वेचा किडनीचा डॉक्टर म्हणाला. बोलताना त्याचं तोंड देवदत्तकडे होतं, पण बोलणं कुणासाठी आहे हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात देवदत्तनं कधी दूधसुद्धा तापवलं नव्हतं. म्हणजे त्याची सहा-आठ वर्षं आता कुमुदिनीच्या गॅसवर ठेवलेली होती, आणि आच किती ठेवायची ते तिनं बघायचं होतं.

तिला भीती वाटली नाही. उलट, खरं सांगायचं तर, ऊर जरा भरून आला. आयुष्यभर जे काम केलं त्याला कुणी काम म्हटलं नव्हतं. आज एका डॉक्टरनं ते औषधाच्या वर नेऊन ठेवलं.

बाहेरच्या लाकडी केबिनमध्ये जिज्ञासा नावाची आहारतज्ज्ञ बसायची. पंचविशीची पोर, डोळ्यांखाली काळं, दाराबाहेर पंधरा माणसं ताटकळलेली. तिनं एक छापील कागद पुढे सरकवला आणि पेननं खुणा करत गेली. केळं नाही, शहाळं नाही, टोमॅटो नाही, संत्रं नाही, सुकामेवा नाही. "पोटॅशियम कमी करायचंय, काकू. भाज्या बारीक चिरून दोन तास कोमट पाण्यात ठेवायच्या, मग भरपूर पाण्यात उकडायच्या, पाणी टाकून द्यायचं, मग फोडणी. ओके?"

"ओके," कुमुदिनी म्हणाली.

"काही शंका?"

चार मिनिटांत माणसाला शंका येत नसते. शंका यायला घरी जावं लागतं, हातात विळी घ्यावी लागते. ती नाही म्हणाली आणि पुढचा पेशंट आत आला.

बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या घरी येऊन तिनं तो कागद फ्रिजवर चिकटवला. काय खायचं नाही ते पानभर, काय खायचं ते चार ओळींत. दुधी, कोबी, पडवळ, पांढरा भात. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस हेच? माणूस पथ्यानं मरत नाही, पथ्याच्या कंटाळ्यानं मरतो. तो चोरून खायला लागतो. तेव्हा चोरायची इच्छाच होणार नाही असं जेवण त्याला घरात द्यायचं, असं तिनं ठरवलं, आणि पुस्तकं शोधायला लागली.

राजसीनं, तिच्या मुलीनं, पहिलं पुस्तक आणून दिलं. गुळगुळीत कागद, पानापानांवर फोटो, आणि फोटोतल्या ओट्यावर तेलाचा एक थेंब नाही. लिहिणाऱ्या बाईनं आयुष्यात कधी घासलेटचा स्टोव्ह पिनेनं मोकळा केला नसणार. 'रोजच्या धावपळीत चटकन होणारे पदार्थ' असं वर लिहायचं आणि खाली अकरा वस्तूंपैकी सात बदलापुरात मिळायच्या नाहीत. पौष्टिक म्हणजे काय, तर अंगानं धडधाकट असलेल्या बायकांनी धडधाकट असलेल्या बायकांसाठी लिहिलेलं. आजारी माणूस त्या पुस्तकांत येतच नाही. तो फोटोत चांगला दिसत नाही.

मग तिनं वाचनालय पालथं घातलं. मग उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये लेखराजच्या रद्दीच्या दुकानात जायला लागली. लेखराज तिला अदी म्हणायचा, म्हणजे सिंधीत ताई. पहिल्यांदा गेली तेव्हा तो म्हणाला, "अदी, खाने की किताब तो बहोत आती है. घर में शादी हुई की नई बहू पुरानी सास की किताब बेच देती है."

"मला पथ्याची पाहिजेत. रोजच्या जेवणाची."

"रोज का खाना कौन किताब में देखता है?"

"जिचा नवरा आजारी असतो ती बघते."

लेखराज पुढच्या वेळेपासून तिच्यासाठी गठ्ठा बाजूला ठेवू लागला. एका महिला मंडळानं सत्तर साली छापलेलं, पानं पिवळी पडून तुकडे पडणारं. एका वैद्याचं. एका सरकारी खात्याचं, सकस आहारावरचं. एकात कुणीतरी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं: 'यांना आवडत नाही.'

त्यातलं जे जमेल ते काढून तिनं दोनशे पानी वहीत उतरवलं. नुसतं उतरवलं नाही, करून बघितलं. मीठ कमी तर लिंबाच्या दोन थेंबांनी चव आणली. दुधीच्या फोडी कढीपत्त्याच्या पुडीत घोळवल्या. पडवळात भाजलेल्या जिऱ्याचं सारण भरलं. प्रत्येक पाककृतीखाली तारीख आणि देवदत्तचा शेरा. 'बरी.' 'पुन्हा कर.' 'ही नको.' एकदा 'फक्कड' असा शेरा होता, त्याच्याच अक्षरात. तो वही मागून घेऊन लिहिला होता त्यानं.

आणि सगळ्या पुस्तकांत, नव्यात आणि जुन्यात, मंडळाच्या आणि वैद्याच्या, एक गोष्ट मात्र सारखी होती. भाज्या उकडलेलं पाणी फेकू नये. सगळं सत्त्व त्यात उतरलेलं असतं. त्यात कणीक भिजवावी, त्याचं सार करावं. तिला हे पुस्तकातून कळायची गरज नव्हती. तिची आई हेच करायची, सासू हेच करायची. भाजीचं पाणी मोरीत ओतणारी बाई म्हणजे उधळी, हे बाराव्या वर्षी तिच्या मनात पक्कं झालेलं होतं.

तेव्हा जिज्ञासानं सांगितलं होतं ते तिनं केलं. भाजी चिरली, दोन तास भिजवली, उकडली, रोळीत निथळत ठेवली. भाजीतलं पाणी गेलं. पथ्य झालं. खाली पातेल्यात हिरवट, वाफाळतं पाणी उरलं. ते बघून तिच्या मनात आलं, भाजी तर आता चोथा झाली, या माणसाला ताकद कशानं यायची? दोन महिन्यांत पाच किलो उतरलाय. मग भाजीतून नाही तर नाही, दुसरीकडून जाऊ दे पोटात. भिजवल्याचं आणि उकडल्याचं, दोन्ही पाणी तिनं एकत्र आटवलं. अर्ध्यात कणीक भिजवली. अर्ध्याला तुपाची फोडणी, जिरं, आल्याचा तुकडा. पांढऱ्या वाडग्यात सार.

"कुमुद, पोळ्या हल्ली मऊ होतात," देवदत्त म्हणाला.

"युक्ती आहे," ती म्हणाली आणि सांगितली नाही. सुगरणी सांगत नाहीत.

देवदत्त रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होता. कमी बोलणारा. एकदा एका वरिष्ठानं खराब बॅचवर सही कर म्हटलं तेव्हा त्यानं पेन टेबलावर ठेवलं होतं आणि पाच वर्षं त्याची बढती अडली होती. घरात त्या गोष्टीचा उच्चार फारसा व्हायचा नाही, पण कुमुदिनी ती माहेरी अभिमानानं सांगायची. 'आमच्याकडचं माणूस खोट्यावर सही करत नाही.'

त्याच कारखान्यात भगवंत मशीनवर होता. कुळगावातला, जुन्या गावातला, शेती असलेल्या घरातला. साहेब आणि कामगार हे अंतर निवृत्तीनंतर गळून पडलं होतं आणि रोज संध्याकाळी दोघं पाऊण तास चालायचे. चालायचे म्हणजे अर्धा वेळ बाकावर बसून गावाला शिव्या घालायचे.

पहिल्या तपासणीत पोटॅशियम जरा खाली आलं. दुसऱ्या वेळी होतं तिथं आलं. तिसऱ्या वेळी पाच पूर्णांक आठ; पाचाच्या आत हवं होतं.

डॉक्टरनं चष्मा काढला. "काका, बाहेर काय खाता?"

"काही नाही."

"शहाळं? फळं? वडापाव, बटाटा?"

"काही नाही."

डॉक्टरनं कुमुदिनीकडे बघितलं. असली उत्तरं रोज ऐकणाऱ्या माणसाची नजर होती ती. बाहेर आल्यावर कुमुदिनीनं पर्समधून वही काढून जिज्ञासासमोर ठेवली. "हे बघा, मी काय काय देते. सगळं लिहिलंय." जिज्ञासानं दोन पानं उलटली. "काकू, तुमचं अक्षर किती सुंदर आहे," ती म्हणाली. "घरचं तर परफेक्ट दिसतंय. मग बाहेरचंच असणार." वही मिटून तिनं परत दिली. बाहेर वीस माणसं होती.

घरात शिरल्यावर कुमुदिनी चपला काढता काढता म्हणाली, "भगवंत काय देतो तुम्हाला?"

"हात देतो, उठताना."

"चेष्टा नको. मी इथं दोन दोन तास भाज्या भिजवत बसते."

"मला माहीत आहे गं. मी बाहेर काही खात नाही, कुमुद."

"मग रिपोर्ट खोटा?"

"रिपोर्ट खरा असणार. मीही खरा आहे. म्हणजे तिसरं काहीतरी असेल. शोधू." हा क्वालिटी कंट्रोलवाल्याचा विचार होता, आणि बरोबर होता. तो पुढे म्हणालाही, "तू काय काय करतेस ते एकदा मला पहिल्यापासून सांग. पायरी पायरीनं."

तिला ते झोंबलं. "म्हणजे माझ्या हातात खोट आहे?"

तो गप्प बसला. माणसं घर शांत राहावं म्हणून गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्याची किंमत नंतर कुणाला पेलत नाही.

तिनं त्याचे खिसे तपासायला सुरुवात केली. शर्टाचा वास घ्यायला लागली. एकदा रुमालाला पिवळा डाग सापडला तर तिनं दिवसभर अबोला धरला. ती हळद होती, तिच्याच भाजीची. पुढचा रिपोर्ट सहाच्या वर गेला, तेव्हा ती तडक कुळगावात गेली. भगवंतच्या अंगणात त्याची सून तांदूळ निवडत होती, शेजारचे दोघं पारावर होते. सगळ्यांच्या देखत कुमुदिनी म्हणाली, "भावोजी, तुम्हाला दोस्ताचा जीव घ्यायचाय का?"

भगवंत खाटेवरून उठून उभा राहिला. "वयनी, काय बोलताव? आमी फकस्त चालतो. बाकावर बसतो. पानीसुदा घरचाच आणतो तो."

"डॉक्टर खोटं बोलतो का मग?"

"डॉक्टरचा मला ठाव नाय. देवदत्तचा ठाव हाय. तो खोटा बोलनार नाय."

"उद्यापासून आमच्या दारात येऊ नका."

भगवंतनं मान खाली घातली. पारावरच्या माणसांनी दुसरीकडे बघितलं.

त्या रविवारी दोघं राजसीकडे जेवायला गेले होते, अंबरनाथला, देवदत्तचा डबा बरोबर घेऊन. जावई अनीश, आठ वर्षांची ओवी, सगळे टेबलाशी. राजसीनं सांगितलं, बाबा, प्लीज, आता तरी खरं सांगा, आम्ही रागावणार नाही. चोर पकडल्यावर पोरं ज्या आवाजात बोलतात तोच आवाज. देवदत्तनं चमचा खाली ठेवला. देवाची शपथ घेणाऱ्यातला तो माणूस नव्हता; शपथ घेणारा आधीच लटका असतो असं तो म्हणायचा. त्यानं ओवीला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. घरच्याशिवाय एक घास खाल्लेला नाही."

कुमुदिनी सगळ्यांच्या आधी बोलली.

"आता पोरीच्या डोक्यावर हात ठेवूनही खोटंच."

देवदत्तनं हात काढला. हळूच काढला, पोरीच्या केसात अडकू नये म्हणून. त्यानंतर त्यानं एकदाही मी खात नाही असं म्हटलं नाही. फिरणं सोडलं. ताटात येईल ते खाल्लं. कुमुदिनीला वाटलं, बंद झालं एकदाचं. आता बाहेरचा दरवाजा बंद, आता सगळं माझ्या हातात. अशक्तपणा वाटतो म्हणाला तेव्हा तिनं संध्याकाळचाही वाडगा सुरू केला. दोन वेळचं सार.

बुधवार होता. सकाळी नऊ वाजता तो खुर्चीत बसून म्हणाला, "कुमुद, पायांत जोरच नाही. कापसाचे झाल्यासारखे वाटतायत."

"रिकाम्या पोटी बसलात म्हणून. गरम सार घ्या, तरतरी येईल."

देवदत्त वाडगा दोन्ही हातांत धरून प्यायला. सगळा. तिनं तोंड पुसायला रुमाल दिला. वीस मिनिटांनी तो खुर्चीतल्या खुर्चीत एका बाजूला कलला.

हॉस्पिटलात छातीवर दाबून दाबून डॉक्टर घामाघूम झाला. रक्तात पोटॅशियम आठच्या वर निघालं. हृदय त्यानंच थांबलं, असं त्यांनी सांगितलं. "काहीतरी खाल्लं असणार," असंही सांगितलं.

तेरा दिवस कुमुदिनी येईल त्याला एकच गोष्ट सांगत राहिली. "मी जिवाचं रान केलं हो. पण ऐकलं नाही त्यांनी. चोरून खायचे. जिभेनं घात केला." दिराला सांगितलं, नणंदेला सांगितलं, कारखान्यातल्या जुन्या साहेबांना सांगितलं. लोक हळहळायचे, तिच्या पाठीवर हात ठेवायचे, आणि जाताना एकमेकांत म्हणायचे, बघा, एवढा शिस्तीचा माणूस. भगवंत तिसऱ्या दिवशी आला आणि दाराबाहेरच उभा राहिला. तिनं तोंड फिरवलं. तो गेला.

दीड महिन्यानं तिला वाटलं, वही तरी कुणाच्या कामी यावी. घरात बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा. लेखराजकडे जुनी पुस्तकं परत द्यायला गेली तेव्हा तो म्हणाला, "अदी, इतनी मेहनत की है, कॉपी निकालो. अस्पताल में बाँटो. दुआ लगेगी." त्याच्याच शेजारच्या दुकानात तिनं तीस प्रती काढल्या, स्पायरल लावून. वर लिहिलं: 'किडनीच्या रुग्णांसाठी रोजच्या जेवणाच्या एकशे बारा पाककृती.' आत पहिल्या पानावर देवदत्तचं नाव.

प्रती घेऊन ती हॉस्पिटलात गेली तेव्हा जिज्ञासानं तिला ओळखलं. उठून उभी राहिली, सॉरी काकू म्हणाली, पाणी दिलं. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. मग पहिली प्रत हातात घेऊन ती या खेपेला खरंच वाचायला लागली. "अय्या, पडवळात जिरं. मस्त. हे मी सांगणार सगळ्यांना." पान उलटलं. "लिंबाचं प्रमाण पण दिलंय तुम्ही." पान उलटलं.

नवव्या पाककृतीवर तिचं बोट थांबलं.

"काकू, हे काय? 'वरील आटवलेले पाणी दोन वाट्या.' वरील म्हणजे?"

"भाजीचं. भिजवल्याचं आणि उकडल्याचं."

"ते तर टाकायचं होतं ना?"

"भाजीतून काढलंच की. मग त्यात कणीक भिजवायची, उरलेल्याचं सार. सगळं सत्त्व त्यात असतं, वाया कशाला घालवायचं? सगळ्या पुस्तकांत हेच आहे."

जिज्ञासानं पुढची पानं भराभर उलटली. दहा. चौदा. एकवीस. सत्तेचाळीस. मग ती थांबली आणि प्रत तिनं टेबलावर उपडी ठेवली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला कुमुदिनीनं बघितला. चाळीस वर्षं दूध उतू जायच्या आधी बघत आलेली बाई होती ती.

"काय झालं?"

"काही नाही काकू. या कॉपीज मी... मी नंतर बघते."

"जिज्ञासा, काय झालं ते सांग."

"काकू, आता काय उपयोग..."

"सांग."

पोरीनं पेन खाली ठेवलं. "पोटॅशियम भाजीतून पाण्यात उतरतं. म्हणूनच पाणी टाकायचं असतं. तेच काढायचं असतं. म्हणजे त्या पाण्यात... आटवलं की आणखी..." तिला पुढे बोलवेना.

कुमुदिनी खुर्चीत ताठ बसली. एक एक दिवस तिच्या डोळ्यांसमोरून गेला. मऊ पोळ्या. पांढरा वाडगा. संध्याकाळचा दुसरा वाडगा. बुधवारचा. त्यानं दोन्ही हातांनी धरलेला.

"तू सांगितलं होतंस, पाणी टाका," ती म्हणाली.

"हो."

"का टाका ते नव्हतं सांगितलंस."

"काकू, दिवसाला चाळीस पेशंट असतात."

"वही दाखवली होती मी तुला."

जिज्ञासा रडायला लागली. कुमुदिनीनं तिची समजूत काढली नाही. आपण नियम पाळतो ते कारण ठाऊक असेल तर. नाहीतर आपल्याला सोयीचा भाग तेवढा पाळतो आणि उरलेल्या जागी आईनं शिकवलेलं घालतो. हे या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. त्या पुस्तकवाल्या बायांना तर नाहीच नाही. त्यांनी कुणासाठी चांगलं ते न लिहिता नुसतं चांगलं म्हणून लिहून ठेवलं. राग यावा अशी माणसं पुष्कळ होती. पण 'पायरी पायरीनं सांग' असं ज्यानं विचारलं होतं तो एकच होता, आणि त्याला उत्तर तिनं दिलं नव्हतं.

तिनं तीसच्या तीस प्रती पिशवीत परत भरल्या. जिज्ञासा म्हणाली, "काकू, थांबा, मी राजसीताईंना फोन करते." कुमुदिनी थांबली नाही.

घरी न जाता ती कुळगावात उतरली. भगवंत अंगणात खाटेवर होता, टीव्हीचा आवाज आतून येत होता. तिला बघून तो उठला. सुनेला म्हणाला, पानी आण.

"नको पाणी," कुमुदिनी म्हणाली. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं. कुठलीही पायरी गाळली नाही. भिजवणं, उकडणं, आटवणं, कणीक, सार, दोन वेळचं सार, बुधवार. बोलताना तिला रडू आलं नाही याचं तिलाच नवल वाटलं. "तुमचा अपमान केला मी. सगळ्यांच्या देखत. ते घरचंच खात होते, भावोजी. माझ्याच हातचं."

भगवंत खाटेवर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाला, "नाय वयनी. तसा नाय."

"तसंच आहे."

"ऐका माजा. खायचा तो. मीच द्यायचो." तिच्याकडे न बघता तो बोलत होता. "शहाला प्यायचा. वडापाव खायचा. रोज नाय, पन खायचा. तेवा मी बोललो नाय, दोस्ताला कशाला उघडा पाडू. तुमच्या पान्यानी काय झाला नाय. ज्या झाला त्या माज्यामुलं झाला."

कुमुदिनी खाटेच्या कडेला टेकली. तहानेनं जीव जात असलेल्या माणसासमोर कुणी भरलेला तांब्या धरावा तसं होतं ते. घ्यायचा आणि प्यायचा, बस. त्यानं खाल्लं होतं. मी बरोबर होते. एकशे बारा पाककृती, दोनशे पानं, भिजवण्याचे सगळे तास, सगळं खरं. रात्री झोप लागेल. राजसीसमोर मान वर राहील.

आणि त्या बदल्यात द्यायचं काय होतं? देवदत्तनं नातीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं सांगितलं, एवढंच मान्य करायचं होतं. मेलेल्या माणसाला त्यात काय जातं.

"शहाळं कुठलं प्यायचे?" तिनं विचारलं.

"टेशनजवल."

"कुठल्या हातगाडीवर?"

भगवंतला हातगाडी सुचेना. खोटं बोलणं त्याला मुळीच जमत नव्हतं. आयुष्यात सवय नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला तो तोंड वळवत होता.

"भावोजी, त्यांनी ओवीच्या डोक्यावर हात ठेवला होता."

"वयनी, गेला तो गेला. तुमी तर जगा."

"तुम्ही त्या दिवशी सगळ्यांच्या देखत म्हणालात, तो खोटं बोलणार नाही. मी त्यांची बायको, मी तसं म्हणाले नाही. आता तुम्हीही त्यांना खोटं ठरवू नका. तुम्ही एकटेच उरलाय त्यांच्या बाजूनं."

भगवंतनं खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला. त्याचे खांदे हलायला लागले. सून दारात आली आणि तशीच आत गेली. जरा वेळानं टीव्ही बंद झाला.

कुमुदिनीनं तिथंच बसून राजसीला फोन लावला. जिज्ञासाचा फोन आधीच गेला होता. राजसीचा आवाज बसलेला होता.

"आई, तू कुठे आहेस? घरी जा. मी येते."

"तुझे बाबा बाहेर खात नव्हते."

"आई, मला कळलंय. ऐक. हे कुणाला सांगायची गरज नाहीये. आपल्यात राहू दे. काकांना, आत्याला, कुणालाच नको. तू मुद्दाम केलंस का? लोक काय काय बोलतील तुला."

पोरीचा जीव तुटत होता. ती आईला वाचवत होती. भगवंतही वाचवत होता. सगळे मिळून जिवंत बाईला वाचवायला निघाले होते आणि त्यासाठी मेलेल्या माणसाचा शब्द खाली टाकायला सगळे तयार होते. सगळ्यात आधी तो तिनंच खाली टाकला होता.

"मी सगळ्यांना सांगितलंय ते चोरून खायचे म्हणून," कुमुदिनी म्हणाली. "तेरा दिवस सांगितलंय. आता मीच सगळ्यांना फोन करणार. ओवीला दे."

"आई, ती लहान आहे."

"तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. दे तिला."

मग ओवी फोनवर आली. "आजी?"

"ओवी, त्या दिवशी आजोबा खरं बोलले होते. त्यांनी बाहेर काही खाल्लं नव्हतं."

"हं," ओवी म्हणाली. "मग तू का म्हणालीस खोटं म्हणून?"

भगवंतनं तिच्याकडे बघितलं. कुमुदिनीच्या मांडीवर पिशवी होती, तीस वह्यांनी जड झालेली. उत्तर तिला ठाऊक होतं; इथं येताना रिक्षात सापडलं होतं. ते आठ वर्षांच्या पोरीला कळेल अशा शब्दांत ती जुळवत राहिली.

"कारण मला वाटलं," ती म्हणाली, "माझ्या हातून चूक होऊच शकत नाही."

ओवीनं फोन ठेवला नाही. कुमुदिनीही तो कानाला तसाच धरून बसून राहिली. ओवीनं ठेवला की मग दिराला लावायचा होता.